तेरावं कार्ड

ते साल दोन हजार तीन. मला छप्पन्नावं लागलं होतं आणि प्रसूती रुग्णालयाच्या नोंदणी काउंटरवर बसून एकतीस वर्षं झाली होती. त्याच वर्षी माझी सून माझ्या कामाच्या जागी आली. म्हणजे नोकरी तिची सॉफ्टवेअर कंपनीत, पण त्या कंपनीने आमच्या रुग्णालयाचं काम घेतलं आणि टीमची प्रमुख म्हणून हिला पाठवलं.

त्याआधी एकदा आमच्याकडे संगणक येऊन गेला होता. दुसऱ्याच एका कंपनीने दीड वर्ष खपून सगळं एकदम आणून ठेवलं. एका बाळंतिणीची नोंद करायला अकरा पडदे ओलांडावे लागत. बाई कळा देत समोर उभी आणि मशीन विचारतंय, व्यवसाय काय. पंधरा दिवसांत आम्ही त्याच्यावर कापड घातलं आणि रजिस्टर उघडलं.

सुनेचं म्हणणं वेगळं होतं. दोन आठवड्यांत होईल एवढंच काम घ्यायचं, ते वापरणाऱ्याच्या हातात द्यायचं, तो कुठे अडखळतो ते बघायचं, मग पुढचं घ्यायचं. तिच्या साहेबांना हा पोरखेळ वाटे. दोनशे पानांचा आराखडा हातात असल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. तरी त्यांनी सहा आठवडे दिले, दोन-दोन आठवड्यांच्या तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीच्या शुक्रवारी आमच्या मोठ्या डॉक्टरांना काम पटलं नाही तर टीम मोडणार आणि सून पुन्हा साहेबांच्या हाताखाली आराखड्याची पानं भरत बसणार. हे तिने मला सांगितलं नाही. मुलाकडून कळलं.

काउंटरमागची जुने केसपेपर ठेवायची खोली त्यांना मिळाली. सुनेने भिंतीवर चार रकाने आखले: करायचं, चालू, तपासायचं, झालं. एकेका कामाचं एकेक पिवळं कार्ड. रोज सव्वानऊला सगळ्यांनी भिंतीसमोर उभं राहायचं आणि काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठे, एवढंच बोलायचं. दहा मिनिटांत संपवायचं. माझे गुडघे बघून लांबूने खुर्ची आणली. (टीममध्ये दोन प्रोग्रॅमर होते, एक लांबू आणि एक चष्मेवाला.) मी म्हटलं, राहू दे बाबा, मी एकदा बसले की दहा मिनिटांत आटपायची नाही.

त्या खोलीतला सगळ्यात कडक नियम शेवटच्या रकान्याचा होता. 'झालं'मध्ये कार्ड प्रोग्रॅमरने न्यायचं नाही. ज्याला ते रोज वापरायचंय त्याने कुणाला न विचारता स्वतःच्या हाताने करून बघायचं, आणि मग त्यानेच कार्ड हलवायचं. आमच्याकडे वापरणारी म्हणजे मी. पहिल्या फेरीत मी पाच कार्डं परत पाठवली. चष्मेवाला वैतागून म्हणाला, "बाई, तुम्ही घरीही अशाच का?"

सून मान वर न करता म्हणाली, "घरी याच्या दुप्पट."

त्या खोलीत ती मला सगळ्यांसारखं बाईच म्हणायची. दोन्हीकडचं नातं एकमेकांत मिसळायचं नाही, असं आमचं न बोलता ठरलं होतं.

दुसऱ्या फेरीपर्यंत मी दोन मिनिटांत केसपेपर काढायला लागले होते, तेही समोरच्या बाईच्या चेहऱ्यावरची नजर न काढता. तिसऱ्या फेरीच्या बुधवारी तेरातली बारा कार्डं झाली होती. तेरावं होतं नवजात बाळाच्या नोंदीचं. मी त्या दिवशी जन्मलेली चार बाळं भरून बघितली. चारही बिनचूक. मी कार्ड उचलून 'झालं'मध्ये लावलं. लांबूने टाळी वाजवली. सुनेचे खांदे खाली आले ते मला दिसलं.

गुरुवारी सकाळी जुळ्या मुली जन्मल्या. मी रिवाजाप्रमाणे रजिस्टरमध्ये लिहिलं, पहिली, दुसरी, वजनं वेगवेगळी. मग सहज मशीनवर भरायला घेतलं. पहिली भरली. दुसरीला आईचं नाव तेच, तारीख तीच, मुलगीच. मशीनला वाटलं हीच नोंद पुन्हा आली. त्याने दुसरीचं वजन पहिलीच्या वजनावर चढवलं आणि गप्प बसलं. वॉर्डात दोन मुली आणि पडद्यावर एक.

वजनावरून दूध ठरतं, औषध ठरतं. खरी नोंद अजून रजिस्टरमध्येच होत होती म्हणून निभावलं. पण कार्ड मी हलवलं होतं. एकतीस वर्षांत किती जुळी लिहिली असतील, आणि बुधवारी मला त्यांची आठवण झाली नाही. खरं सांगायचं तर झाली असती, मला ते कार्ड हलवायची घाई झाली होती.

मी खोलीत जाऊन सांगितलं. चष्मेवाला म्हणाला, नीट करायला दोन दिवस हवेत. मग म्हणाला की उद्या जुळी भरून दाखवायची काय गरज आहे, सोमवारी करून टाकू. लांबू जमिनीकडे बघत राहिला. मीही काही बोलले नाही, आणि त्या न बोलण्याची मला अजून लाज वाटते.

सून भिंतीजवळ गेली. "आई," ती म्हणाली, त्या खोलीत पहिल्यांदाच, "कार्ड तुम्ही नेलंत. तुम्हीच मागे आणा."

मी ते काढलं आणि 'चालू'मध्ये लावलं.

शुक्रवारी साहेब आणि मोठे डॉक्टर आले. सुनेने आधी भिंत दाखवली. बारा झाली, तेरावं झालेलं नाही. मग मला मशीनवर बसवून सगळ्यांसमोर जुळ्या मुली भरायला लावल्या. दोनाची एक झाली. साहेबांनी घाम पुसला आणि म्हणाले की ही किरकोळ बाब आहे, नाही दाखवली तरी चाललं असतं.

"किरकोळ नाही सर," सून म्हणाली. "पण शिळी व्हायच्या आत, कालच सापडली. आठ दिवसांपूर्वी हे कार्ड सुरूच झालं नव्हतं."

मोठ्या डॉक्टरांनी वाकून पडदा जवळून बघितला. मागच्या कंपनीने दीड वर्षात आपल्याला एकही चूक दाखवली नव्हती, असं ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. सोमवारपासून या बारा कामांवर काउंटर चालेल का, असं त्यांनी विचारलं, आणि वर म्हणाले, "सासू म्हणून सांगू नका."

"सासू म्हणून बुधवारी चुकले, डॉक्टर," मी म्हटलं. "आज काउंटरवरची बाई म्हणून सांगते. चालेल. बाळांची नोंद मात्र ते कार्ड पुढे जाईपर्यंत रजिस्टरमध्येच करीन."

त्यांनी साहेबांना सांगितलं, टीम हीच ठेवा आणि पुढच्या फेरीत काय येणार ते मला या बाईंकडून कळू दे. सुनेकडे बोट दाखवून. मान ताठ ठेवून उभी होती माझी सून. मी रुमाल काढला आणि चष्मा पुसल्यासारखं केलं.

तेरावं कार्ड पुढच्या गुरुवारी झालं. त्या वेळी मी जुळी भरली, तिळी भरली, नाव न ठेवलेली भरली, मगच हात लावला.

चष्मेवाला पुढे परदेशी गेला. पत्रात लिहायचा की तिथे त्याला शेवटच्या रकान्याचा दरोगा म्हणतात. लांबूने नोकरी सोडून शाळा काढली. साहेब निवृत्त होईपर्यंत प्रत्येक भाषणात सांगत की ही पद्धत कंपनीत त्यांनी आणली, आणि सुनेने त्यांना कधी अडवलं नाही. मोठे डॉक्टर आता हयात नाहीत. मी ठरल्याप्रमाणे दोन वर्षांनी निवृत्त झाले. सुनेच्या हाताखाली आज तीनशे माणसं आहेत. नवीन कुणी आलं की ती त्याला पहिला आठवडा काम देत नाही, जिथे ते काम वापरलं जाणार त्या काउंटरवर बसवते.