मोरितासानच्या आईचा झेंडा

सादिका चाकणच्या एका कंपनीत जपानी दुभाषी होती. ओरखडा, पोचा, गंज यांना जपानीत काय म्हणतात ते तिने झोपेतही सांगितलं असतं. पण मार्चमधल्या एका दुपारी कँटीनमध्ये वरण-भात कालवता कालवता प्लँटचे जपानी सल्लागार मोरितासान एक शब्द बोलून गेले आणि ती अडली.

"ओहिगान," ते पुन्हा म्हणाले. "आज दिवस-रात्र सारखे. आमच्याकडे या दिवसांत घरातल्या गेलेल्या माणसांच्या थडग्यावर जातात."

दीड वर्ष या माणसाचं सगळं बोलणं तिच्याच तोंडून कंपनीत पोचत होतं, आणि त्याच्या घरातला साधा शब्द तिला ठाऊक नव्हता. तिला लाज वाटली.

त्या रविवारी तिने पिंपरीतून जपानवरची तीन नवी पुस्तकं आणली. एक सणावारांचं, एक महायुद्धानंतरच्या इतिहासाचं, एक तिथल्या ओस पडत चाललेल्या खेड्यांचं. वेळ तिच्याकडे पुष्कळ होता. मागल्या वर्षी अम्मी गेली. भाऊ झिशान बायकोमुलांना घेऊन तळेगावला, आपल्या गॅरेजजवळ राहायला गेला. चिंचवडच्या तिसऱ्या मजल्यावर ती एकटी उरली. कंपनीच्या बसमध्ये ती जाता-येता वाचायची.

इतिहासाच्या पुस्तकात होतं, की युद्धानंतर खेड्यांतली शाळा संपलेली पोरं खास रेल्वेगाड्यांत भरभरून कारखान्यांकडे नेली. त्यांना म्हणे 'सोन्याची अंडी' म्हणत. सादिकाने मान वर केली. बसमध्ये लातूर-बीडकडची माणसं माना टाकून झोपली होती.

खेड्यांच्या पुस्तकात त्या गाड्या जिथून सुटल्या तिथली आजची हकिकत होती. मागे राहिलेली म्हातारी माणसं रोज सकाळी दाराबाहेर पिवळा झेंडा लावतात. मी बरी आहे, एवढाच त्याचा अर्थ. झेंडा दिसला नाही, तर शेजारी दार वाजवतात.

तिने हे मोरितासानना सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"हे पुस्तकात आलंय?"

"हो."

त्यांनी फोन पुढे केला. फोटोमागून फोटो. तेच दार, तोच पिवळा झेंडा, ऊन तेवढं वेगळं.

"माझी आई. एक्क्याण्णव वर्षांची. शेजारीण रोज फोटो पाठवते."

रोज सकाळी ते फोनमध्ये डोकं घालून बसत, तेव्हा 'साहेबांचे शेअर पडले वाटतं' म्हणून प्रॉडक्शनचा दिग्विजय हसायचा. सादिकाही हसली होती.

"फोन नाही करत तुम्ही त्यांना?"

"रविवारी करतो. तिला ऐकू येत नाही फारसं. झेंडा बरा पडतो." मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे कोण बघतं?"

"भाऊ आहे ना," ती म्हणाली. झिशानचा शेवटचा फोन येऊन तीन आठवडे झाले होते.

मे महिन्यात एकदा मीटिंग चालली होती. दिग्विजय आकडे सांगत होता, सादिका ते जपानीत सांगत होती. मोरितासानचं लक्ष फोनकडे होतं. ते हळूच काहीतरी म्हणाले आणि सवयीने तिने ते मराठीत केलं.

"आज झेंडा नाही."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"कसला झेंडा?" दिग्विजयने विचारलं.

तेव्हा कुठे ती भानावर आली. "त्यांच्या आईला काहीतरी झालंय. त्यांना जावं लागेल."

ते त्याच संध्याकाळी गेले. तीन आठवड्यांनी सगळ्यांच्या नावे एक मेल आली. आई गेली होती, ते परत येणार नव्हते, सहकार्याबद्दल सर्वांचे आभार. सादिकाने ती मराठीत करून नोटीस बोर्डावर लावली. तिच्यासाठी वेगळी ओळ त्यात नव्हती. नवे सल्लागार चांगलं इंग्रजी बोलत. तिला जुनी ड्रॉइंगं मराठीत करायला कोपऱ्यातल्या खोलीत बसवलं. कधीकधी दिवसभर तिच्या तोंडून शब्द निघत नसे.

जुलैत ती चार दिवस तापाने पडून होती. कंपनीला मेसेज केला, 'काळजी घ्या' असं उत्तर आलं. दार कुणी वाजवलं नाही. पाचव्या दिवशी ताप उतरला, तशी ती कठड्याला धरून एक मजला खाली गेली. तिथून रोज सकाळी खोकल्याचा आवाज यायचा. दारावर सुभद्राबाई असं नाव होतं. सहा वर्षांत तिने ते पहिल्यांदाच वाचलं.

दार साखळीपुरतं उघडलं.

"कोण गं माय? कुरिअर हाय का?"

"नाही आजी. मी सादिका. तुमच्या वरच राहते. सहजच आले."

म्हातारीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "वर? वरलं घर तर बंद हाय न्हवं? ती पोरंबाळं गेल्यापासनं पाऊल वाजलेलं ऐकलं न्हाई मी."

"बंद नाही आजी. मी असते."

"एकटीच?"

"एकटीच."

म्हातारीने साखळी काढली नाही, पण दारही लोटलं नाही. दोघी तशाच दाराच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. आत टीव्हीवर कुणीतरी रडत होतं.

"गुडघ्यानं उभं राहवत न्हाई माय," शेवटी म्हातारी म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

सादिका जिना चढून घरात आली. चपला काढल्या आणि अनवाणी टाचा आपटत हॉलभर एक फेरी मारली. मग थांबून कान दिला. खालून काहीच आवाज आला नाही. तिने आणखी एक फेरी मारली.