पळसवेलीची मुळं आणि मुखरूची गोळी

मित्रांनो, मी मुलचेऱ्याच्या जंगलातली एक जुनी पळसवेल आहे. पळसासारखीच तीन-तीन पानं, तशीच केशरी फुलं. फक्त मी उभी राहत नाही, मोठ्या ऐनाच्या झाडाला विळखे घालून वर चढते. जवळच्या पाड्यावरची मंगली माझ्या सालीचे दोर वळते. औषध म्हणून तिने मला कधी तोंडात घातलं नाही. ती म्हणते, "आमच्या बुढ्यायनं जे खाल्लं नाई, ते आमी काऊन खावं?" माणसांत मला एवढीच एक शहाणी भेटली.

मग मुखरू आला. हा बाजारात चूर्ण विकणारा. माझी जाड मुळं खणून नेली, वाळवली, कुटली आणि पुड्यांवर छापलं, 'जंगली कंद. शुगर मुळापासून बंद. अपाय नाही.' कुठल्याशा प्रयोगशाळेत माझा अर्क काही उंदरांना पाजला होता, त्यांची शुगर थोडी उतरली म्हणे, आणि शेवटी 'अजून अभ्यास हवा' असं लिहिलं होतं. गिऱ्हाइकांना सांगताना मुखरूने उंदीर ठेवले आणि अभ्यास गाळला. आणि झाडपाला म्हणजे निर्धोक, हे याला कोणी सांगितलं? शेजारचा बिब्बाही झाडच आहे. त्याचं तेल अंगाला लागू द्या, फोड मोजत बसाल.

गोंडपिपरीच्या गिरजाबाईंनी त्या पुडीवर विश्वास ठेवला. आठ वर्षं चालू असलेली शुगरची गोळी मुखरूच्या सांगण्यावरून बंद केली. दोन महिन्यांत पायाची जखम चिघळली आणि दवाखान्यात अंगठा कापावा लागला. डॉक्टरांनी विचारलं, "नेमकं काय खाल्लं?" पुडीवर तर वनस्पतीचं नावही नव्हतं. म्हणून गिरजाबाईंची मुलगी दिव्यानी, मुखरू मुळं कुठून आणतो ते विचारत पाड्यावर आली, आणि मंगलीने तिला माझ्याकडे आणलं.

मुखरू तेव्हा माझ्याच मुळाशी खणत होता. दोघींना न पाहता तो सावलीत बसला, डबा उघडला आणि जेवणाआधी खिशातल्या पाकिटातली एक गोळी गिळली.

दिव्यानी पुढे झाली. "भाऊ, हे शुगरची गोळी हाय ना? माह्या आईची बी हेच होती. तुमी तिले सोडाले लावली."

मुखरूने पाकीट मुठीत धरलं. "मले डॉक्टरनं देल्ली."

"मंग तुमचं चूर्ण?"

"ते लोकायसाठी हाय," तो म्हणाला.

मंगलीने त्याची कुदळ उचलली आणि पाड्याकडे चालू लागली. दिव्यानीने माझी फांदी पानांसकट कागदात गुंडाळली, मुळाचा तुकडा घेतला, मुखरूचा पाकीट धरलेला हात फोटोत टिपला आणि औषध खात्याकडे तक्रार द्यायला गेली. मुखरूचा बाजारातला गाळा आता बंद आहे. गिरजाबाई पुन्हा गोळी घेतात आणि काठी टेकत चालतात. त्यांचा अंगठा मात्र कुठलीच तक्रार परत आणणार नाही.

मित्रांनो, घरात अशी पुडी आली तर विचारा: वनस्पती कोणती, माणसांवर कोणी तपासली, किती घ्यायची, चालू औषधाबरोबर चालते का? उत्तर नसेल तर पुडी डॉक्टरांना दाखवा, पोटात घालू नका. मला नीट तपासणारा कोणी आला तर आनंदाने पानं देईन. तोवर माझ्यात औषध आहे की विष, हे मला स्वतःलाही ठाऊक नाही. मुखरूला तर नाहीच नाही.