दुपारी चालतं, सकाळी बंद पडतं

मी बंदरावरच्या रेडिओखोलीतलं तळहाताएवढं संरक्षक कार्ड बोलतोय. गोड बोलायची मला सवय नाही आणि आता ती लावून घ्यायचीही नाही.

मला दोघा भावांतल्या थोरल्याने बनवलं. अँप्लिफायर आपला आवाज लांबच्या बोटींपर्यंत पोचवतो. अँटेनात बिघाड असला तर तीच ताकद उलटी फिरते आणि अँप्लिफायरलाच जाळते. असं होताना दिसलं की त्याला तत्क्षणी बंद पाडायचं, एवढंच माझं काम.

थोरल्याने पुढे स्वतःची बोट घेतली आणि खोली धाकट्याकडे आली. जाताना तो म्हणाला, "हे बंद पाडेल तेव्हा शिव्या अँटेनाला घाल. याला नको."

"दादा, तू समुद्राकडे बघ. इथलं मी बघतो."

बघितलं! खांबावरच्या केबलच्या जोडाला चीर गेली होती. सकाळी दवाचं पाणी आत शिरायचं, मी बंद पाडायचो. दुपारी जोड सुकायचा, मी गप्प.

"दुपारी चालतं, सकाळी बंद पडतं," डबा घेऊन आलेल्या वहिनींना धाकटा म्हणाला. "अँटेना काय दुपारी बदलते? दादाचं हे कार्डच नाटकी."

"भाऊजी, एकदा खांबावर चढून तरी बघा."

"वहिनी, नवऱ्याचं कौतुक घरी करा हो!"

त्याच दिवशी त्याने माझ्या रिलेवर, म्हणजे ज्या खटक्याने मी वीज तोडायचो त्यावर, तांब्याची तार झाळली. आता मी काही बंद पाडू शकत नव्हतो. नुसता लाल दिवा लावत राहिलो. त्याने त्यावर काळी चिकटपट्टी लावली.

मग एका सकाळी वारा फिरला. धाकट्याने बटण दाबलं. "सगळ्या बोटींनी..." एवढंच बाहेर गेलं. पुढे जळका वास.

जवळच्या बोटी आभाळ बघून परतल्या. थोरला सगळ्यांत लांब होता. खोलीतून हाक येईल, याची त्याला खात्री होती. ती खात्री माझ्यावरची होती.

त्याची बोट परतलीच नाही. तिसऱ्या दिवशी वहिनी आल्या. त्यांनी माझ्यावरची चिकटपट्टी सोलून काढली, धाकट्याच्या हातात दिली आणि गेल्या.

आता अँप्लिफायर नवा, कार्ड नवं. त्याचा दिवा लागला की धाकटा धावत जाऊन खांबावर चढतो. मी खणात असतो. अधूनमधून तो मला बाहेर काढतो, तार काढायला सोल्डरिंगची कांडी तापवतो.

हात लावू नकोस. ती तार निघाली तर मी नुसतं जुनं कार्ड उरेन, आणि तू नुसता भाऊ गेलेला माणूस.