गुलाबी बत्तिशी

मागच्या वर्षी स्टेजवर माझी दातखीळच बसली होती. चार ओळी बोलायच्या होत्या, पण एक शब्द फुटेल तर शपथ! तशीच धूम पळाले. म्हणून यंदा ‘दातांची निगा’ या विषयावर अख्ख्या शाळेसमोर बोलायला मी स्वतःहून हात वर केला. आभाळ कोसळलं तरी भाषण पूर्ण करूनच खाली उतरायचं!

आठवडाभर बेसिनच्या आरशासमोर तयारी चालली होती. हातातला ब्रश हाच माइक. आत्या दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. तिने मला दोन रंगीत गोळ्या दिल्या.

“चावायची नि चूळ भरायची. जिथे घाण राहिलीये तिथे गुलाबी रंग चिकटून बसतो. आधी एक घरी खाऊन बघ हं, भोंग्या.”

“काय गं आत्या! दिवसातून दोनदा ब्रश करते मी!”

“ब्रश करतेस की ब्रशला भाषण ऐकवतेस?”

मी दोन्ही गोळ्या तशाच दप्तरात टाकल्या.

भाषण झकास सुरू झालं. चिकट चॉकलेटं दिवसभर चघळू नका, गोड खायचंच तर जेवणाबरोबर खा, मधल्या वेळेत गाजर-काकडी कचाकचा चावा. मग ऐटीत गोळी चावली, बादलीत चूळ टाकली आणि बत्तिशी दाखवली.

पहिली रांग खो खो हसत सुटली. सोबत आणलेल्या आरशात पाहिलं. अगं बाई! हिरड्यांच्या कडेकडेने नुसता गुलाबी रंग!

पाय पायऱ्यांकडे वळलेसुद्धा. पण भाषण कुठे संपलं होतं?

मी माइक घट्ट धरला. “हसा, पोटभर हसा! आठवडाभर मी ब्रश हातात घेऊन नुसती बडबडत होते. घासले जेमतेम वीस सेकंद. त्याचा हा निकाल! आता दोन मिनिटं मोजा बघू.”

दाखवायला आणलेला ब्रश तोंडात घातला. अख्खी शाळा एकशे वीसपर्यंत ओरडत मोजत होती आणि मी एकेक दात, आतून-बाहेरून, हळूहळू घासत होते. रंग गेला. जीभ तेवढी गुलाबी राहिली, ती बाहेर काढूनच मी भाषण संपवलं. टाळ्या काय पडल्या!

खाली उतरले तर मुख्याध्यापिकाबाई तोंडावर हात धरून उभ्या.

“काय गं, अजून एखादी गोळी आहे का?” त्या कुजबुजल्या. “दे इकडे. पण मी माझ्या केबिनमध्ये खाणार हं, दार लावून!”