कानाला कवाड नाही

ताईचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी खिडकीशी उभी राहून सातचा पाढा घोकते आहे, आणि ती पलंगावर उताणी पडून, छताकडे बघत, अगदी हळू पुटपुटते आहे, "एकोणतीस... त्रेसष्ट... अकरा... अठ्ठ्याऐंशी..." सात सक बेचाळीसपर्यंत मी कशीबशी रेटायची. पुढे पाढा ओंजळीतल्या पाण्यासारखा गळून जायचा आणि ताई पोट धरून हसायची.

"ताई, गप्प बस ना!"

"मी कुठे तुझ्याशी बोलतेय? तू नको ऐकूस."

नको ऐकूस! ते तर जमत नव्हतं. डोळ्याला पापणी, तोंडाला ओठ, घराला दार; कानाला तेवढं कवाड नाही. हे मला तेव्हाच कळलं होतं. सिद्ध करायला मात्र अर्धं आयुष्य गेलं.

आता मी मानसशास्त्रज्ञ आहे. विद्यापीठाच्या तळघरात माझी एक खोली आहे: भिंतींना जाड गाद्या, एक खुर्ची, एक पडदा, एक हेडफोन. पडद्यावर एकेक आकडा येतो नि जातो, मग तेच आकडे त्याच क्रमाने सांगायचे, एवढंच काम. हेडफोनमधून मी काहीतरी ऐकवत असते. त्याकडे लक्ष देऊ नका, असं आधीच बजावलेलं असतं. कोणी विचारलं की मी सांगते, लोकांना आकडे लक्षात ठेवायला लावते आणि ठेवू देत नाही. त्यावर भावोजींचं ठरलेलं उत्तर, "यासाठी विद्यापीठ कशाला? तुझी बहीण घरबसल्या करते."

पण त्या खोलीने मला चकित केलं. मला वाटायचं, मोठा आवाज घात करतो. तसं नाही. पंख्याची घरघर, एकच सूर धरून बसलेलं यंत्र, कितीही मोठं असो, आकडे शाबूत राहतात. घात करतो तो बदलता आवाज, मग तो कुजबुजीइतका हलका का असेना. आणि बदलत्या आवाजात माणसाच्या बोलण्याचा हात धरणारं कोणी नाही. ते समजायलाही लागत नाही. कधी न ऐकलेली भाषा लावली तरी आकडे विस्कटतात. आपण मनात आकड्यांचे मणी दोऱ्यात ओवत असतो, आणि कान, न विचारता, न सांगता, येणाऱ्या आवाजांची दुसरी माळ ओवू लागतो. दोन दोरे एका हातात आले की गुंता व्हायचाच.

हे सगळं माझ्या तळघरात सुखाने नांदत होतं. मग ताईची चौकशी लागली.

ताई रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात फोन घेते. पलीकडचं माणूस रडत असतं, ओरडत असतं. त्यातून ती पत्ता काढते, टाइप करते, गाडी सोडते. गाडी पोहोचेपर्यंत फोन धरून ठेवते. तिच्या आवाजाच्या आधारावर एका घाबरलेल्या बापाने स्वतःच्या हातांनी मूल जन्माला घातलं आहे. त्याच ताईने एका घराच्या क्रमांकातले दोन आकडे उलटे टाइप केले. गाडी रस्त्याच्या भलत्याच टोकाला गेली. त्या घरातले आजारी आजोबा वाचले, पण थोडक्यात. निष्काळजीपणा ठरला असता तर ताईला फोनवरून कायमचं उठवून भांडारात पट्ट्या नि कापूस मोजायला बसवणार होते.

आणि वादात कधी हार न मानणारी माझी बहीण एकच वाक्य धरून बसली होती. चौकशी समितीला तिने लिहूनही दिलं: लक्ष नव्हतं.

"तुझं लक्ष नव्हतं? तुझं?" मी विचारलं.

"नव्हतं म्हटलं ना. तू तुझं तळघर सांभाळ, डॉक्टरीणबाई."

मी समितीच्या अध्यक्षबाईंना जाऊन भेटले. बहीण आहे हे आधीच सांगून टाकलं. त्या निवृत्त डॉक्टर, कमी बोलणाऱ्या. म्हणाल्या, "मग तुमच्या बहिणीचा तो फोन सोडून बाकीच्या फोनांची ध्वनिमुद्रणं ऐका. तो मोजायचा नाही." मला ते पटलं. तो फोन मी उघडलाही नाही.

कक्षात पाऊल ठेवलं आणि मी दारातच थबकले. तिथे 'पुकारा' होता. पत्ता टाइप करून झाला की प्रत्येकीने तो मोठ्याने खोलीला ऐकवायचा: रस्ता, घर क्रमांक, मजला. पूर्वी पाठीमागच्या भिंतीवर नकाशा होता, पुकारा ऐकून कक्षप्रमुख त्यात टाचण्या खोचायचे. नकाशा गेला, संगणकाचे पडदे आले, टाचण्या गंजल्या. पुकारा तसाच राहिला. चूक होऊ नये म्हणून! टेबलाला टेबल लागलेलं, एकीचा पत्ता संपतो न संपतो तोच दुसरीचा सुरू. बाई गं, मी मनात म्हटलं, माझं अख्खं तळघर इथे वर येऊन बसलंय.

मी ध्वनिमुद्रणं ऐकत बसले, टाइप केलेले पत्ते ताडून पाहिले. चुका विखुरलेल्या नव्हत्या. बहुतेक चुकांच्या पाठीशी, ऐकणं आणि टाइप करणं यांच्या मधल्या त्या इवल्या फटीत, शेजारचा पुकारा उभा होता.

समितीपुढे हे मांडलं तेव्हा कक्षप्रमुख उसळले. त्यांचा आवाज असा की सगळी खोली त्यांना मागून भोंगा म्हणते, आणि त्यांना ते ठाऊक आहे.

"पुकारा म्हणजे या खोलीचा श्वास आहे! मी इथे केस पांढरे केले. मन घट्ट असलं की कान आपोआप मिटतात."

"मग बसता का?" मी हेडफोन पुढे केला.

"आणा!"

आधी मी एकसुरी घरघर लावली, कानठळ्या बसतील इतकी. भोंगासाहेबांनी सगळे आकडे क्रमाने धडाधड सांगितले आणि मिशांवरून हात फिरवला. "काय म्हणत होतो मी?"

मग मी हलक्या आवाजात एका बाईचं बोलणं लावलं. त्यांनी सुरुवात झोकात केली. मध्येच थांबले. दोन आकडे उलटे सांगितले, एक गिळला. "पुन्हा." पुन्हा तेच. "पुन्हा!" तिसऱ्या वेळी त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे, चावलेल्या कुत्र्याकडे बघावं तसं बघितलं.

"ती बाई काय बोलत होती हो?"

"मलाही माहीत नाही, साहेब. दूरच्या देशातली भाषा आहे."

"म्हणजे मला शब्द कळत नव्हता, तरी...?"

"तरी."

 माणूस गर्जणारा होता, पण खोटा नव्हता. अध्यक्षबाईंकडे वळून म्हणाले, "महिनाभर पुकारा बंद ठेवतो. पत्ता फक्त फोनवरच्या माणसाला परत विचारायचा, हळू. टेबलांमध्ये जाड कापडी पडदे लावतो. चुका कमी झाल्या तर मी मान खाली घालीन. नाही झाल्या तर या बाईंनी घालायची."

पहिल्या दिवशी खोली इतकी गप्प झाली की त्यांनीच दारातून विचारलं, "कोणी गेलं की काय?" मुली फिसकन हसल्या. मग हळूहळू त्या शांततेला सगळ्यांचे कान सरावले. मी रोज पत्ते ताडत होते आणि आकडेवारीवर माझाच विश्वास बसेना म्हणून पुन्हा ताडत होते. महिना भरला तेव्हा चुका निम्म्याच्याही खाली उतरल्या होत्या. त्याच खुर्च्या, त्याच बाया, तेच रडणारे फोन.

शेवटच्या बैठकीला भोंगासाहेब ठरल्याप्रमाणे उभे राहिले, मान खाली घातली, आणि वर करून म्हणाले, "पुकारा कायमचा बंद." मागे बसलेल्या बायकांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला की खिडकीच्या काचा थरथरल्या. "आता टाळ्यांवरही बंदी घालू का?" असं ते ओरडले, तेव्हा कडकडाट आणखी वाढला. मी हसत होते नि डोळे पुसत होते. इतकी वर्षं तळघरात ओवलेली माळ आज उजेडात आली होती, आणि ती कुणाच्या तरी गळ्यात शोभत होती.

अध्यक्षबाईंनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. ताईकडे पाहून म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही फोनवर. पण तुमचा फोन कोणी मोजलेला नाही, आणि तुम्ही लिहून दिलंय, लक्ष नव्हतं. ते तसंच ठेवायचं का?"

ताई उठली. शेजारच्या टेबलावर काम करणारी बारकीशी बाई तिच्या बाजूलाच बसली होती. कंत्राटावरची, नुकतीच पुन्हा घेतलेली. ताईने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाही ठेवायचं," ती म्हणाली. "माझं पूर्ण लक्ष होतं. आजोबांसाठी फोन करणाऱ्या त्या मुलाने सांगितलेला पत्ता मी नीट ऐकला होता, आकडे मनात होते. बोटं चालायला लागली आणि हिचा पुकारा आला. गाडी निघून गेल्यावर कळलं काय झालं ते. बोलले असते तर तुम्ही पहिलं हेच विचारलं असतं, पुकारा कुणाचा? हिचं कंत्राट त्याच आठवड्यात संपत होतं, आणि घरात कमावणारी ही एकटी. हिने नियम पाळला होता, साहेब. मीही पाळला होता."

 मग तिने माझ्याकडे बघितलं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली,

"चूक माझी नव्हती."