न धुतलेलं पातळ

या, असे पुढे सरका. खांबाला टेकलं की पाठ सुखावते, पण कान उपाशी राहतात. बुवांचा फेटा अजून बांधून व्हायचाय, पखवाजाला कणीक लावणं चाललंय. तेवढ्यात एक गोष्ट ऐका. पोथीतली नाही, पुराणातली नाही. आपल्या शेणव्याच्या जनीची आहे आणि एका पातळाची आहे. मधेच टाळ वाजले तर वाजू देत. देव थोडा थांबेल, त्याला सवय आहे.

जनीला तुम्ही पाहिलंच असेल. सप्ताहात बायकांच्या रांगेत सगळ्यात पुढे बसते ती. आवाज जरा खडा, पण सूर सोडायची नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ झालं नाही. एक म्हैस, थोडी भाताची खाचरं आणि गावात कुणाचंही बारसं असलं की पाळणा म्हणायचा मान. दुसऱ्यांची लेकरं गाऊन निजवायची आणि घरी येऊन आपल्या रिकाम्या घराला आतून कडी घालायची, असं तिचं चाललेलं.

‘सोबत’ नावाची एक संस्था आहे. मुंबईत मोठ्या इस्पितळाच्या मागे तिची धर्मशाळा. खेड्यापाड्यांतून मोठी दुखणी घेऊन आलेली पोरं आणि त्यांचे आईबाप तिथे राहतात. मुरबाडचा शेखर, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, दर शनिवारी आपल्या जीपमध्ये तांदूळ, नाचणीचं पीठ, भाजी घालून तिथे पोचवायचा. एकदा तो शेणव्याच्या देवळात आला आणि म्हणाला, “माणसं तिकडं पोराजवळ बसलेली, आन् जीव सगळा इकडं. कोंबड्या कोण सोडतंय, शेळीला पाणी कोण दाखवतंय, सारखं तेच. बायांनो, तुमी एवढं बघाल का?”

बायकांनी ऐकलं आणि त्या कामाला लगेच नाव दिलं. ‘पहारा.’ सप्ताहात कसं, सात दिवस वीणा भुईला टेकवायची नाही. एकाचा पहारा संपला की पुढचा येतो, पाया पडतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. तसंच हे. कुणाचं घर एकीने बघायचं, कुणाची शेळी दुसरीने. जनी या बाबतीत कडक. मागे एकदा सप्ताहात एक म्हातारबुवा असे रंगले की पहारा संपला तरी वीणा सोडीनात. पुढचा बिचारा हात जोडून ताटकळत उभा. तेव्हा मांडवात सगळ्यांसमोर जनीच बोलली होती, “बाबा, सोडा आता. देव काय तुमच्या एकट्याचा नाय!” मांडव हसला होता. म्हातारबुवाही हसले होते. हे वाक्य ध्यानात ठेवा.

पावसाळ्याच्या तोंडाशी डोळखांबच्या वरच्या पाड्यावरची मालू खाली जनीच्या दारी आली. तिच्या बुधूला, आठ वर्षांच्या पोराला, रक्ताचं दुखणं निघालं होतं. धर्मशाळेत आजारी मूल आणि आईबाप एवढ्यांनाच जागा. बुधूला सर्दीखोकल्याचीसुद्धा भीती, म्हणून दुसरं लहान मूल चालायचं नाही. आणि मालूच्या कडेवर दोन वर्षांची रविना.

जनीने हात पुढे केले. पोर यायला तयार नाही. आईच्या मानेला घट्ट विळखा. मालू रडत नव्हती, नुसती उभी होती. तिचा नवरा अनंता शेखरच्या जीपमधून बुधूला धरून म्हणत होता, “चल गो, चल आता.”

“कपडे दिलेस, वाटी दिलीस,” जनी म्हणाली. “आता अंगावरचा पातळ दे.”

“अंगावरचा? मळलाय तो मावशी. दुसरा धुतलेला हाय ना.”

“धुतलेला काय करू? त्याला तुझा वास नाय.”

मालू आत जाऊन पातळ बदलून आली. चुलीचा धूर, मोहाच्या बियांचं तेल, घाम, नाचणीचं पीठ, सगळं त्या हिरव्या पातळात होतं. रविनाला त्यावर निजवलं की ती पदराचं टोक मुठीत धरायची, नाकाशी न्यायची आणि हुंदके देत देत निजायची.

असा श्रावण गेला, गणपती गेले. घट बसायचे दिवस आले. आता आपल्याकडची रीत तुम्हाला काय सांगायची! घट बसायच्या आधी घरातली चिंधीसुद्धा धुतल्याशिवाय राहत नाही. नदीवर गोधड्यांचे ढीग. जनी खाचरात गेलेली. शेजारची लहानी, मनाची भारी चांगली, म्हणाली, जनीच्या मागे पोरीचा व्याप, आपणच तिचं धुऊन टाकू. जनी परत येते तर कुंपणावर सगळ्या गोधड्या, आणि मधोमध वाऱ्यावर फडफडणारं हिरवं पातळ. धुतलेलं, आपटलेलं, पिळलेलं.

“लहाने! काय केलास गो हा?”

“काय केला? केवढा काळा पाणी निघाला त्याच्यातून! दोनदा साबण लावला.”

“त्या पाण्यात पोरीची आय गेली गो वाहून.”

लहानीला आधी कळेना. कळलं तेव्हा ती तिथेच दगडावर बसली आणि ओल्या हातांनी तोंड झाकून घेतलं. आता तिला तरी काय बोलणार?

रविना निजेना. पातळ नाकाला लावायची, फेकून द्यायची. जनीने पाळणे म्हटले, अभंग म्हटले, म्हशीजवळ नेलं, अंगणात फिरवलं. पोर रडून रडून निळी व्हायची. शेवटी एका सकाळी जनीने तिला कडेवर घेतलं आणि मालूच्या पाड्यावर गेली. तिथे दिवा लावायचा पहारा तिचाच होता.

कुलूप काढून दार लोटलं. आत अंधार, गार चूल. रविना कडेवरून उतरली. कुडाच्या भिंतीपाशी गेली, चुलीमागच्या काळ्या झालेल्या जागेला तिने गाल लावला. आणि तशीच, भिंतीला धरून, उभ्याउभ्या पेंगायला लागली.

जनी बघत राहिली. मग तिने चूल पेटवली. मालूच्याच मोळीतली लाकडं घातली, वर दोरीवर पातळ टाकलं. कोनाड्यातली तेलाची बाटली काढून चार थेंब पदराला चोळले. नाचणीच्या भाकरी भाजल्या. धुराने डोळे चुरचुरत होते. जनी म्हणते धुरानेच. दिवस कलला तेव्हा पातळात पुन्हा मालू आली होती. सगळी नाही. पण निजण्यापुरती आली होती.

शनिवारी शेखर धर्मशाळेतून फोन लावून द्यायचा. जनीच्या मोबाइलवर मालू दिसायची. तोंडावर पट्टी, डोक्याला घट्ट रुमाल. “रवे, ए रवे, जेवलीस?” पोर फोन उलटा करून मागे बघायची, आय कुठे बसलीय म्हणून. मागे काही नसायचं. मग हळूहळू तिने फोनच्या मागे बघणं सोडलं.

मालू एवढंच विचारायची, “मावशी, माझी आठवण काढते का?”

“काढते गो, रोज काढते,” जनी सांगायची.

आणि हे खरं होतं, निदान सुरुवातीला. पण लेकराचं मन म्हणजे ओली माती. थंडी पडली. रविना जनीच्या कुशीत नुसती निजायला लागली. पातळ मागेना. एकदा म्हशीचं दूध काढताना पाठीमागून येऊन गळ्यात पडली आणि म्हणाली, “आय.”

जनीचा हात थांबला. ‘मावशी म्हण’ असं म्हणायला तोंड उघडलं तिने. उभ्या जन्मात त्या हाकेला तिने ‘ओ’ दिली नव्हती. दूध भांड्याबाहेर गेलं तरी तिला समजलं नाही. अगदी हळू, कुणी ऐकू नये असं ती म्हणाली, “ओ.”

त्या दिवशी हिरवं पातळ घडी घालून ट्रंकेत गेलं. खराब होईल म्हणून ठेवलं, असं तिने मनाला सांगितलं. मनाने मान्य केलं. मन मोठं सोयीचं असतं.

होळीच्या आधी एक दिवस अचानक शेखरची जीप दारात. मागून मालू उतरली. पण कुठली मालू! वाळलेली, फिकुटलेली, आणि डोक्यावरचे केस एकदम बारीक. बुधूचे केस औषधाने गेले, तो आरशात बघून रडला, तेव्हा तिनेही आपले कापून टाकले होते. अंगाला इस्पितळाच्या औषधी साबणाचा वास.

“मावशी, निराळी खोली दिली आमाला,” ती धापा टाकत म्हणाली. “बुधूला आता बराच उतार हाय, पण अजून लय दिवस ऱ्हावं लागंल. डॉक्टर बोलले, बहिणीला आणा, तो सारखा तिलाच विचारतो. आजच न्यायला आले. उद्या त्याची सुई हाय.”

जनीच्या मागून दोन डोळे दिसले.

“रवे,” मालूने हात पसरले. “ये गो माझी बाय.”

रविना जनीच्या लुगड्यात शिरली. “आय,” ती जनीला म्हणाली, “कोण हाय?”

“अगो, ही बघ तुझी आय आली,” जनी कशीबशी म्हणाली. पोरीने मान हलवली. शेखरच्या खिशाकडे बोट केलं, मोबाइलकडे. “आय तेच्यात.”

मालू हसली. मग ते हसू तोंडावरच राहून गेलं, काढायला विसरल्यासारखं. ती पायरीवर बसली.

“नाय येत तं ऱ्हावं दे मावशी,” ती म्हणाली. “रडवत कशाला नेऊ? तुमालाच आय म्हणते ती. तुमच्याकडं सुखात हाय. मी बुधूला सांगेन काय तरी.”

बघा, जनीने नुसतं ‘बरं’ म्हणायचं होतं. दोन अक्षरं. कुणी बोल लावला नसता, उलट गावाने नावाजलं असतं. पोर तिच्या पायाला बिलगलेली. पोरीच्या केसांना जनीच्या घरच्या धुपाचा वास.

आणि तिला मांडव आठवला. ताटकळत उभा असलेला तो, हात जोडलेला. आपलाच खडा आवाज तिच्या कानात वाजला, देव काय तुमच्या एकट्याचा नाय.

जनी आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती हिरवं पातळ घेऊन.

“शेखर, गाडी काढ. पाड्यावर जायचा हाय.”

“मावशी, टाइम नाय हो! कल्याणपर्यंत ट्रॅफिक...”

“टाइम काय तुझ्या दुकानात इकायला ठेवलाय? काढ गाडी!”

पाड्यावर पोचल्यावर जनीने मालूच्या हातात पातळ आणि किल्ली दिली. “हा नेस. चूल पेटव. डोक्याला तुझा तेल लाव, केस नसले तरी लाव. आन् भाकर थाप. आमी अंगणात बसतो. पोरीला हाक मारू नको.”

दार लोटलं गेलं. जरा वेळाने कौलांतून धूर निघाला. मग आतून भाकरीचा आवाज, थप, थप, थप. रविना अंगणात मातीत रेघा काढत होती. ती थांबली. नाक वर केलं. उठली. दारापर्यंत गेली, उंबऱ्याशी थबकली आणि वळून जनीकडे बघितलं.

जनीने तोंड फिरवलं. समोर एक कोंबडी दाणे टिपत होती, ती तिच्याकडे अशी बघत बसली, जणू उभ्या जन्मात कोंबडी पाहिली नाही.

आतली थपथप बंद झाली. मग पोरीचा आवाज आला, लहानसा, विचारल्यासारखा. “आय?”

त्यापुढचं बाहेर ऐकू आलं नाही. शेखर मोबाइल काढून उगाच इकडेतिकडे फिरवत होता. “रेंज नाय हितं,” म्हणाला, आणि डोळे पुसले.

निघताना मालू जीपजवळ आली. कडेवर रविना, तिच्या मुठीत हिरव्या पदराचं टोक. मालू वाकली, जनीच्या पायाला हात लावला आणि गाडीत बसली. वीणा घेणारा पाया पडून घेतो, तशीच. जीप वळणाआड गेली. जनी एक खांदा किंचित वर धरून उभी होती, अजून काहीतरी अंगावर आहे असं समजून.

दुसऱ्या दिवशी लहानी नदीवर निघाली होती. जनीच्या अंगणात दोरीवर एक एवढंसं मळकं झबलं लोंबत होतं. “टाक गो तो इकडं, चोळून आणते,” म्हणत तिने हात घातला.

“हात लावू नको,” जनी म्हणाली.

या खेपेला लहानीला सांगावं लागलं नाही. तिने कळशी खाली ठेवली आणि जनीपाशी बसून राहिली.

बुधू अजून तिकडेच आहे. भावाबहिणीचं खिडकीत बसून कावळे मोजणं चालतं, असं शेखर सांगतो. बुधू हसायला लागलाय. त्याचं नाव तर आपण आरतीला घेतोच, आजही घेऊ. पण ऐका, पखवाज लागला. आता वीणा हातातून हातात जाईल. आपण सगळे घेणाऱ्याकडे बघतो, त्याच्या पाया पडतो. आज एवढं करा. जो देऊन मोकळा होतो आणि मागे सरून अंधारात बसतो, त्याच्याकडेही एकदा बघा, आणि आमच्या जनीची आठवण करा.