तुतीवरचं जाळं

मित्रांनो, माझ्यात धागा थोडा आणि भोकंच जास्त. म्हणून माझी गोष्टही तुटक. मी मासे धरायचं जुनं जाळं आहे.

जन्म: कुठल्याशा कारखान्यात. आठवत नाही.

कामाची वर्षं: इंदुरी, इंद्रायणीचं पाणी. अंबाजीआबा मला उन्हात वाळवायचे, फाटलेलं विणायचे. "लय गुणाचं जाळं हाय," म्हणायचे. माझा गुण एकच. धडपडेल त्याला आवळायचं.

मग आबांचे गुडघे गेले. त्यांनी मला औंढ्याच्या इनायतभाऊंना देऊन टाकलं.

औंढे. फेब्रुवारी संपत आलेला. परसातली तुती पिकून काळी झालेली. शनिवारी भाऊंच्या भाड्याच्या खोल्यांवर पाहुणे येणार, त्यांना झाडावरून तोडून खायची हौस. आणि उजाडल्यापासून बुलबुल हजर. इनायतभाऊंनी मला तुतीवर टाकलं. ताणून बांधलं नाही. नुसतं टाकलं.

सकाळी एक बुलबुल अडकला. धडपडला. मी आवळलं.

भाऊंची बायको खतीजा धावत आली. "अहो, जिवंत आहे. सोडवा की!"

"ऱ्हाऊ दे. शेतात मेलेला कावळा टांगत्यात न्हाई का? एक लटकला की बाकीचे फिरकत न्हाईत."

"तो कावळा मेलेला असतो."

"ह्यो बी व्हईल की दुपारपतूर."

मेलेल्या कावळ्याला कावळे भितात. ओरडणाऱ्या बुलबुलाकडे बुलबुल धावतात. भाऊंना हे माहीत नव्हतं. त्याची मादी आली, चोचीत पिलांसाठी तुती धरून. पिलं छपरावर चढलेल्या मधुमालतीत होती.

तिलाही मी आवळलं.

दुपारी नर गप्प झाला. खतीजानं स्वयंपाकघरातली कात्री आणली.

"जाळं फाडू नकोस! पाव्हणं यायच्यात!"

"मग त्यांना काय दाखवायचं? ही मढी?"

कच. कच. तिनं मादीला मुठीत धरलं, भोवतीनं मला कापलं आणि मूठ उघडली. मादी थेट घरट्याकडे उडाली. पायात माझा वीतभर धागा तसाच. तो वेलीत गुंतला. घरट्याच्या जरा खाली ती उलटी लोंबकळली. पिलांनी तिला पाहिलं आणि चोची उघडल्या.

खतीजा शिडी मागायला शेजारी पळाली. शिडी आली.

उशिरा.

पिलांच्या चोची दुसऱ्या दिवशीही उघडत होत्या. शनिवारी नाही.

पाहुण्यांना तुती फार आवडली.

मित्रांनो, मला झाडावर टाकू नका. कुणी टाकलंच आणि सोडवायची वेळ तुमच्यावर आली, तर नुसतं मला कापून थांबू नका. पाखरू बोचकारेल, चोच मारेल, मारू द्या. पायातला शेवटचा धागा निघेपर्यंत मूठ उघडू नका.